गुंडप्पांच्या भिंतीवर काय लिहिलंय

ब्लॅक जपान हा काळा रंग उन्हात लवकर वाळतो. ओल्यावर माशी बसली तर ती तिथंच राहते.

चन्नबसप्पा मेडिकलवाल्याला उमरग्यातल्या सगळ्या डॉक्टरांचं अक्षर लागतं. एका डॉक्टरांना स्वतःचं लागत नाही. तेही चन्नबसप्पाकडे माणूस पाठवतात.

तमिळनाडूची बोअरवेलची गाडी. पोरं गाडीखाली झोपलेली. भात मागतात, भाकरीला हात लावत नाहीत.

उर्दू उजवीकडून वाचतात.

"चुना भिजू द्यावा लागतो, दादा. घाई केली तर पोपडे निघतात."

सहावीच्या वर्गात बत्तीस मोर. सगळे डावीकडे बघणारे.

"एवढा रंग लावून काय बी न्हाय, असं कसं म्हणायचं लोकांना?"

या सगळ्यांच्या मध्ये एक भिंत आहे.

*

भिंत

उमरग्याच्या बाहेर, हैदराबादच्या अंगाला, हायवेला लागून गुंडप्पांचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, लोखंडी टेबलं, मागं चूल आणि चुलीशी त्यांची बायको रुद्रम्मा. शेडच्या बाजूनं कंपाउंडची लांबच लांब भिंत जाते. सोलापूरहून येणारा असो की हैदराबादहून, ट्रकच्या केबिनमधून आधी भिंत दिसते, मग हॉटेल.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि गुंडप्पांच्या मुलीनं, शिवरंजनीनं, ती भिंत पांढरी करून घेतली. मग रुंद ब्रश घेऊन तिच्यावर काळ्या रंगात लिहायला बसली. लिहायला म्हणजे, लांबून बघितलं तर लिहिलेलंच वाटावं असं. वर मथळा. खाली ओळी. डावीकडं समास. परिच्छेद संपला की थोडी जागा. एका ठिकाणी खाडाखोडसुद्धा. जवळ जाऊन बघितलं तर त्यात एकही अक्षर कुठल्याही लिपीतलं नाही. वेलांट्या आहेत, पण त्या कशालाही दिलेल्या नाहीत. गाठी आहेत, शेपट्या आहेत, रेघेवर चढणारं आणि रेघेखाली उतरणारं काहीतरी आहे. वाचायला काही नाही.

"लिहिताना हात जो चालतो ना, तेवढा ठेवलाय," ती सांगायची. "शब्द काढून टाकले."

ही सवय तिला शाळेत लागली. ती एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवते. स्टाफ मीटिंगमध्ये वेळ जाईना म्हणून ती वहीत असं अर्थाशिवायचं लिहीत बसायची. भराभर, मान खाली घालून, मधेच वर बघून पुन्हा. मुख्याध्यापक खूश होते, निदान एक बाई तरी लक्ष देऊन ऐकतात. वर्षाच्या शेवटी त्यांनी इतिवृत्त टाइप करून मागितलं.

तेव्हापासून ती हे मीटिंगबाहेर करते.

हैदराबादची एक कला संस्था अशा कामाला वर्षभर खोली देते, रंग देते, आणि कुणी मोर काढायला लावत नाही. शिवरंजनीनं याआधी कागदावरची कामं पाठवली होती. संस्थेचं उत्तर आलं : कागदावर ठीक आहे, पण उघड्यावर करा, चार लोकांत करा, राघवेंद्र सर स्वतः येऊन बघतील. अट एकच. त्यात वाचता येईल असं काही असता कामा नये. एक शब्दसुद्धा नाही.

सर रविवारी येणार होते. भिंत रविवारपर्यंत जशी आहे तशी राहायला हवी होती. राहिली तर हैदराबाद. नाही राहिली तर जून, सहावी ब, 'माझा आवडता सण'.

भिंत मागितली तेव्हाचं बोलणं असं :

"अप्पा, कंपाउंडची भिंत देता का मला?"

"घे की. काय लिहिणार?"

"काही नाही."

"काय बी न्हाय लिहायचं तर भिंत कशाला पायजे?"

"तेच तर करायचंय."

गुंडप्पांनी चुलीकडं बघितलं. रुद्रम्मा भाकरी थापत म्हणाली, "लग्नाला न्हाय म्हणती, सरकारी नोकरीला न्हाय म्हणती. एकदा काय तरी पायजे म्हणाली हाय. देऊन टाका."

*

गुंडप्पांची उत्तरं

गुंडप्पा हॉटेल चालवतात ते एका गोष्टीवर. गिऱ्हाईकाला न्हाय म्हणायचं नाही. वांगं संपलं असलं तरी "होतंय, बसा." चहाचं दूध नासलं असलं तरी "ठेवलाय, आलाच." माणूस बसला की पुढचं पुढं. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून गिऱ्हाईकासमोर 'न्हाय' हा शब्द गेलेला नाही.

त्यामुळं भिंतीवर काय लिहिलंय असं पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा "काही नाही" हे खरं उत्तर त्यांना देता येईना.

सोलापूरचा ड्रायव्हर : "काय लिहिलंय हो मालक?"

"कानडी हाय. स्वागत केलंय तुमचं."

हुमनाबादचा शरणबसप्पा, तुरीची पोती घेऊन निघालेला, कानडीत विचारतो.

"तेलुगू ऐति," गुंडप्पा कानडीत सांगतात. आणि पुढं, की काय करणार, तिकडची गिऱ्हाईकं वाढली.

जहिराबादचा ड्रायव्हर तेलुगूत विचारतो.

"मराठी," गुंडप्पा सांगतात. त्यांचं तेलुगू तेवढंच.

वाशीहून मोटारसायकलवर आलेल्या नवरा-बायकोला गुंडप्पांनी सांगितलं : "वर देवाचं नाव हाय, खाली आमचं."

बोअरवेलच्या पोरांनी विचारलं नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. या रस्त्यावर वाचता न येण्याचं कुणाला नवल नसतं. अर्ध्या पाट्या शेजारच्यांच्या लिपीत असतात. प्रत्येकाला वाटलं, भिंत आपल्याशी नाही, दुसऱ्या कुणाशी तरी बोलतेय. आणि ते निवांत जेवले. गुंडप्पांना वाटलं, झालं, मिटलं.

*

काळा डबा

सोलापूरच्या ड्रायव्हरनं उमरग्यातल्या एका गॅरेजवर टायर बदलताना सहज सांगितलं, की गुंडप्पांनी अख्खी भिंत कानडीत लिहून काढली. टायर बदलून होईपर्यंत ही बातमी योगीराजपर्यंत पोचली.

योगीराजचं पाइपांचं दुकान आहे आणि 'मायबोली पाटी मंडळ' आहे. दुकान भाऊ बघतो. मंडळाचं काम एकच, परभाषेतल्या पाट्यांना काळं फासणं. शनिवारी सकाळी तो दोन कार्यकर्ते, काळ्या रंगाचा डबा आणि चार्ज केलेला मोबाइल घेऊन हजर झाला. भिंतीसमोर उभा राहिला. केसांवरून हात फिरवला.

"फासा काळं."

कार्यकर्त्यानं ब्रश बुडवला, भिंतीपाशी गेला आणि थांबला.

"दादा, फासू कशाला? अक्षरं काळीच हायत."

"मग मधल्या जागेला फास."

"मग सगळीच भिंत काळी हुती. लोक म्हणत्याल, गुंडप्पांनी रंग दिला."

"मंडळानं दिला म्हणत्याल," दुसरा म्हणाला. "फुकट."

योगीराजनं मोबाइल खिशात ठेवला. अशी अडचण मंडळाला आजवर आली नव्हती.

"चुना आणा," तो शेवटी म्हणाला.

चुना आला, पण कळीचा. तो भिजायला हवा. हॉटेलचाच ड्रम, हॉटेलचंच पाणी. चुना ड्रममध्ये फसफसायला लागला आणि योगीराज आपल्या माणसांसह सावलीला बसला. गुंडप्पा चहा घेऊन आले.

"तवर भाकरी खावा, दादा. भिजंस्तवर येळ जाईल."

भिंत पुसायला आलेल्यांनाही त्यांनी गिऱ्हाईकच धरलं होतं. शिवरंजनीनं बापाकडं असं बघितलं की ते बशी ठेवून शेजारचं टेबल पुसायला लागले.

*

चुना भिजेपर्यंत

"ताई, सरळ सांगा. काय लिहिलंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. अर्थ नाही त्याला."

"इकडून तिकडपर्यंत, वर मथळा टाकून, काही नाही?"

"हो."

"मग मथळा कशाचा?"

"मथळ्याचा."

योगीराजनं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला.

"हे बघा दादा, आलापाला शब्द असतात का?" शिवरंजनी म्हणाली. "तरी तुम्ही ऐकता ना?"

"आलापावर कुणी मोर्चा काढत न्हाय, ताई. कारण आलाप हायवेला लागून नसतो."

दोन टेबलं सोडून शरणबसप्पा जेवत होता. परतीच्या वाटेवर तो इथंच थांबतो. योगीराजनं त्याला बोलावून भिंत दाखवली. "ह्ये तुमचं हाय का?"

शरणबसप्पानं हात धुतले, जवळ जाऊन बघितलं. "नम्दल्ल," तो म्हणाला. आमचं नाही. "तेलुगू असंल."

जहिराबादचा ड्रायव्हर चहा पीत होता. तो उठलासुद्धा नाही. "मादि कादु," तो म्हणाला. त्याच्या क्लीनरनं मराठीत सांगितलं, आमचं न्हाय म्हणतोय.

बोअरवेलच्या पोरांना गाडीखालून उठवलं. त्यातल्या मोठ्यानं डोळे चोळत भिंत बघितली. "इल्लै सार." आणि पुन्हा झोपला.

"कुणाचंच न्हाय?" योगीराज म्हणाला.

जहिराबादच्या ड्रायव्हरला काहीतरी आठवलं. त्यानं क्लीनरला सांगितलं आणि क्लीनरनं सगळ्यांना : "मालकांनी तर मराठी हाय म्हणून सांगितलं हुतं."

गुंडप्पा ताट उचलून चुलीकडं निघून गेले.

योगीराज जागेवर सरळ झाला. मराठी. पण वाचता येत नाही. मराठी आहे आणि वाचता येत नाही म्हणजे काय असतं, हे त्यानं एका भाषणात ऐकलं होतं.

"मोडी," तो हळूच म्हणाला. मग मोठ्यानं, "अरं, ही मोडी हाय! आपली जुनी मराठी!"

"नाही हो," शिवरंजनी म्हणाली. "मोडी मला येते थोडी. ही नाही."

"थोडी येती ना? मग ही तुम्हाला न येणारी असंल."

*

भिंतीच्या डाव्या टोकाकडून

चन्नबसप्पाला दुकानातून बोलावून आणलं. तो पांढऱ्या शर्टाच्या खिशात चार पेनं लावून आला आणि डावीकडून सुरुवात केली. बोट भिंतीपासून चार अंगुळं दूर ठेवून, ओळीवरून सरकवत.

"सोपं हाय," तो म्हणाला. "हिथं सुरुवातीला पेशंटचं नाव. ह्ये खाली वय. ह्यो मोठा फाटा हाय ना, ह्ये पित्तावरचं. जेवणाआधी एक."

"किती दिवस?" कार्यकर्त्यानं विचारलं.

"ते पुढं आसंल."

भिंतीच्या उजव्या टोकाकडून

महारुद्र तात्या रोज सकाळी इथं चहाला येतात आणि दुपारचा चहा पिऊन जातात. लहानपणी, निजामाच्या राज्यात, ते उर्दू शाळेत शिकले. एका डोळ्याला मोतीबिंदू आहे, दुसऱ्यानं अंदाजानं बघतात. त्यांनी काठी घेतली आणि उजव्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"हुकूम हाय," ते म्हणाले. "सरकारी. बामुलाहिजा वगैरे वर लिवलंय. कुणाला तरी हजर व्हायला सांगितलंय."

"कुणाला, तात्या?"

"नाव फुडं आसंल."

मध्ये

दोघं वाचत वाचत खाडाखोडीपाशी आले आणि एकमेकांवर आपटले. तात्यांची काठी चन्नबसप्पाच्या चपलेवर आली.

"बाजूला व्हा तात्या, अजून डोस वाचायचाय."

"तू बाजूला व्हय. हुकमात डोस नसतो."

"थांबा, थांबा," योगीराज मधे पडला. "दोन्ही जोडा. काय हुतंय?"

कार्यकर्त्यानं जोडलं. "सरकारनं हुकूम दिलाय की अमक्यानं हजर व्हावं आणि जेवणाआधी एक घ्यावी."

सगळ्यांनी पुन्हा भिंतीकडं बघितलं. तसं काही अशक्य वाटत नव्हतं.

शिवरंजनीनं चन्नबसप्पाला पहिल्या ओळीपाशी परत नेलं. "काका, हीच ओळ पुन्हा वाचा बघू."

चन्नबसप्पानं वाचली. "खोकला," तो म्हणाला. "रात्री झोपताना दोन चमचे."

"मघाशी पित्त होतं."

"मघाशी ऊन दुसरीकडून हुतं."

"बघितलं?" शिवरंजनी योगीराजला म्हणाली. "प्रत्येकाला वेगळं दिसतंय. दर वेळी वेगळं. म्हणजे त्यात काहीच नाही."

"उलट, ताई," योगीराज म्हणाला, आणि त्याचा आवाज आता आदरानं भरला होता. "एका ओळीत दोन-दोन अर्थ. आजकाल असं कोण लिहितं?"

*

चुना रद्द झाला.

वाईट ते त्यानंतर सुरू झालं. योगीराजनं तिथूनच फोन केला. उद्या सकाळी फ्लेक्स लागणार. 'मायबोलीचा प्राचीन ठेवा जपणारे योगीराजदादा यांचे हार्दिक अभिनंदन.' वर फोटो, हात जोडलेला. आकार मोठा सांगितला, कारण हायवेवरून दिसायला पाहिजे.

"लावणार कुठं?" शिवरंजनीनं विचारलं.

"कुठं म्हणजे? भिंतीवर."

"मग भिंत झाकून जाईल!"

"जपायलाच लावतोय, ताई. ऊन लागणार न्हाय."

तिनं विनवलं, भांडली, पुन्हा विनवलं. रविवारचं सांगितलं, सरांचं सांगितलं. योगीराज वाईट माणूस नव्हता, ऐकून घेतलं.

"बरं, मंडळाला तुमचं नुकसान करायचं न्हाय," तो म्हणाला. "ह्याला अर्थ न्हाय ना? मग खाली लिहून द्या. शुद्ध मराठीत, मोठ्या अक्षरात : 'या लिखाणाला काहीही अर्थ नाही.' खाली सही. मंडळ आपल्या घरी, तुम्ही आपल्या घरी."

कार्यकर्त्यानं त्यांचाच काळा डबा पुढं केला. फुकट.

शिवरंजनीनं ब्रश बुडवला. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात जागा होती. एक ओळ सहज मावली असती. त्या ओळीनं फ्लेक्स टळला असता. आणि त्या एका ओळीनं भिंतीवर वाचता येईल असं एक वाक्य आलं असतं, चांगलं धडधडीत, कर्ता-क्रियापद असलेलं. मग अट गेली. ती ब्रश धरून उभी राहिली. रंग ओघळून तिच्या चपलेवर पडला.

तिनं ब्रश डब्यात परत ठेवला.

"लावा फ्लेक्स," ती म्हणाली आणि आत गेली.

गुंडप्पा कांदे चिरत होते. त्यांनी वर बघितलं नाही. डोळ्यांना कांद्याची सोय चांगली असते.

*

रविवार

फ्लेक्स आला. बांबूला बांधून, दोऱ्या ताणून, भिंतीच्या निम्म्यावर योगीराजचा चेहरा उभा राहिला. जोडलेले दोन पंजे नेमके मथळ्यावर आले.

शिवरंजनी स्कूटर घेऊन बसस्टँडवर गेली. सरांना वाटेतच थोडं समजावून सांगता येईल, असा तिचा हिशेब होता. सर बसनं आलेच नाहीत. त्यांना एका जीपवाल्यानं हॉटेलसमोरच उतरवलं. सडपातळ माणूस, खांद्याला झोळी, पायात वहाणा. मूळचे गुलबर्ग्याचे, त्यामुळं मराठी येत होती. त्यांनी चहा सांगितला, ओळख सांगितली नाही. आधी नुसतं बघावं, अशी त्यांची पद्धत.

गुंडप्पांना वाटलं, गिऱ्हाईक.

"त्या भिंतीवर काय लिहिलं आहे?" सरांनी विचारलं.

गुंडप्पांनी झोळी बघितली. चष्मा बघितला. या माणसाला काय आवडेल याचा अंदाज बांधला.

"कुठून आलात?"

"हैदराबाद."

"तुमच्यासाठीच हाय की मग, साहेब. 'जेवण तयार आहे, यावे' असं लिहिलंय. हैदराबादी लोकास्नी."

"असं?" सरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे अर्थ आहे."

"अर्थ हाय की! लई अर्थ हाय. अर्ध्यावर तर फ्लेक्स लागलाय, खाली अजून निम्मा अर्थ हाय."

सरांनी झोळीतून डायरी काढली, दोन शब्द लिहिले आणि हैदराबादची परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

तेवढ्यात स्कूटर आली. "सर!"

सर उठले. चांगले बोलले, अगदी मऊ. हात छान आहे म्हणाले, ब्रशवर पकड आहे म्हणाले. "पण तुमच्या मालकांनी सांगितलं मला. संदेश आहे. आमची अट तुम्हाला माहीत आहे."

शिवरंजनीनं मालकांकडं बघितलं.

"ते माझे वडील आहेत," ती म्हणाली.

गुंडप्पांचा हात टॉवेलकडं गेला. एवढ्यात त्यांना कळलं, हा माणूस कोण ते. आणि कळल्यावर त्यांनी आधी केलं ते सवयीचंच.

"तसं न्हाय साहेब, ते खरं तर कानडीत..."

"आता तरी खरं बोला," चुलीपासून रुद्रम्मा म्हणाली. मोठ्यानं नाही. भाकरी उलटत.

शेडमध्ये सगळेच होते. शरणबसप्पा होता. जहिराबादचा ड्रायव्हर होता. बोअरवेलची पोरं भाताची वाट बघत होती. योगीराज गळ्यात हार घालून फोटोसाठी उभा होता, तात्या होते, चन्नबसप्पा होता. गुंडप्पांनी एकेकाचं तोंड बघितलं. प्रत्येकाला त्यांनी काय सांगितलं होतं ते त्यांना आठवत होतं.

ते टॉवेलला हात पुसत भिंतीपाशी गेले. फ्लेक्सची एका बाजूची दोरी सोडली. योगीराजचा चेहरा नाकाच्या रेघेवर दुमडला.

"अहो काका! काय करताय?"

गुंडप्पांनी दुसरी दोरी सोडली. सगळा चेहरा खाली मातीत बसला. ते वळले.

"काय बी लिहिलेलं न्हाय," ते म्हणाले.

मग शरणबसप्पाकडं बघून, "एनू इल्ल."

मग जहिराबादवाल्याकडं बघून, "एमी लेदु." हे त्यांनी कुठं तरी ऐकून ठेवलं होतं. आजवर वापरायची वेळ आली नव्हती.

बोअरवेलच्या पोरांची भाषा त्यांना येत नव्हती. काल भिंत बघून मोठ्या पोरानं म्हटलेला शब्द तेवढा लक्षात होता. "इल्लै," ते म्हणाले, आणि पोरं दचकली. त्यांना वाटलं भात संपला.

"म्या सगळ्यांना येगयेगळं सांगितलं," गुंडप्पा म्हणाले. "पोरीनं मला पयल्याच दिवशी सांगितलं हुतं, काय बी न्हाय म्हणून. पर एवढा रंग लावून काय बी न्हाय, असं कसं म्हणायचं लोकांना? मला लाज वाटली. तिला नव्हती वाटली. मला वाटली."

रुद्रम्मानं चुलीवरची भाकरी उतरवली.

"हुकूम हाय," तात्या कोपऱ्यातून म्हणाले.

"गुंडप्पा, तुला त्यातलं कळत न्हाय," चन्नबसप्पा म्हणाला. "उगा बोलू नको."

राघवेंद्र सर भिंतीपाशी गेले. डावीकडून उजवीकडे गेले. उजवीकडून डावीकडे आले. चन्नबसप्पा त्यांच्या मागून पित्ताची जागा दाखवत होता, त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. खाडाखोडीपाशी थांबले.

"हे का खोडलं?"

"चुकलं होतं, सर," शिवरंजनी म्हणाली.

"अर्थ नाही तर चुकलं कसं?"

ती जवळ गेली. खोडलेल्याच्या आधीचा फटकारा बोटानं दाखवला, मग नंतरचा. "हा इथून येतो ना, वरून, घाईनं. मग पुढचा हळू उतरायला हवा होता. मी तो पण घाईनंच काढला. दोन्ही एकाच दमात झाले. खोटं वाटायला लागलं. म्हणून खोडलं आणि पुढं नीट काढलं."

सरांनी खोडलेलं बघितलं, नीट काढलेलं बघितलं. स्वतःचा हात हवेत तसा फिरवून बघितला. वरून घाईनं. मग हळू. पुन्हा एकदा फिरवला.

"हो," ते म्हणाले. "चुकलंच होतं."

मग ते परत टेबलाशी आले, डायरीतले मघाचे दोन शब्द खोडले आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

"वांगं न्हाय," गुंडप्पा म्हणाले.

रुद्रम्मानं मान वर केली.

"भात न्हाय. शेंगाची चटणी बी न्हाय."

"अवो, हाय की सगळं!" रुद्रम्मा ओरडली. "टोपलंभर वांगं हाय! काय झालंय तुमास्नी?"

पण गुंडप्पांना त्या शब्दाची गोडी लागली होती. त्यांनी आणखी दोन टेबलांना न्हाय म्हटलं, तेव्हा कुठं रुद्रम्मानं त्यांना आत बोलावून घेतलं.

*

सरांचा फोन पंधरवड्यानं आला. शिवरंजनी जूनमध्ये हैदराबादला गेली. सहावी ब दुसऱ्या बाईंकडे गेली.

योगीराजनं फ्लेक्स धुऊन आपल्या पाइपांच्या दुकानावर लावला. त्यावरचे 'प्राचीन ठेवा' हे शब्द तसेच आहेत. गिऱ्हाईकं पाइपांकडं जरा जपून बघतात.

भिंत अजून आहे. ड्रायव्हर विचारतात. गुंडप्पा आता खरं सांगतात, चारी भाषांत, आणि गिऱ्हाईकं नाराज होतात. सोलापूरचा ड्रायव्हर म्हणाला, "सांगायचं नसंल तर राहू द्या मालक, एवढा परकेपणा कशाला?" आणि अर्धा चहा ठेवून गेला. शरणबसप्पाला संशय आहे की त्यात कर्नाटकाबद्दल काहीतरी वाईट लिहिलेलं आहे आणि गुंडप्पा त्याच्या भावना जपतायत. त्याबद्दल तो गुंडप्पांना जास्तच मान देतो. जहिराबादच्या ड्रायव्हरनं भिंतीचा फोटो काढून गावाकडं पाठवला आहे, तिकडं एक शिकलेला माणूस आहे म्हणे.

"काय बी न्हाय हो," गुंडप्पा सांगत राहतात. "खरंच काय बी न्हाय."

"बरं, बरं," लोक म्हणतात आणि एकमेकांकडं बघतात.

शिवरंजनीचा रात्री फोन येतो. ती विचारते, भिंत कशी आहे. गुंडप्पा बाहेर जाऊन बघून येतात आणि सांगतात, हाय तशीच हाय. एकदा त्यांनी स्वतःहून सांगितलं, की तिसऱ्या ओळीत मधे एक जागा आहे, ती त्यांना रोज सकाळी बरी वाटते. का ते सांगता येत नाही. तिकडून तिनं नेमकी कुठली जागा ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "अप्पा, ती मला पण."

ही भिंत गुंडप्पांनी बांधली ती हायवे रुंद झाला त्या वर्षी, गुरं हॉटेलात शिरू नयेत म्हणून.